काचेआडचे पाणी (लेखांक ७) : चिवट माशाला मोठी टाकी

माशाच्या शरीरातून पाण्यात उतरणारा अमोनिया आणि त्याचे टप्प्याटप्प्याने नायट्रेट करणारे जिवाणू यांची ओळख आपण मागच्या लेखात करून घेतली. या आठवड्याचा मासा मात्र असा आहे की, हे गणित त्याला लागूच नाही, अशी समजूत शौकिनांत आणि विक्रेत्यांतही रुजली आहे. हा पॅराडाइज मासा. निळ्या आणि तांबूस उभ्या पट्ट्यांचा, लांब टोकदार परांचा, शेपटीसकट दहा सेंटिमीटरच्या आसपास वाढणारा. तो थंडी सोसतो, उकाडा सोसतो, तोंड वर काढून हवेतला श्वास घेतो. म्हणून तो गोल काचेच्या भांड्यातही खुशाल राहतो, असे सांगितले जाते. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही. माझे म्हणणे तर याच्या उलट आहे : हा मासा चिवट आहे म्हणूनच त्याच्या बाबतीत अधिक जागरूक राहावे लागते, कारण नाजूक मासा चुकीची शिक्षा लगेच दाखवतो आणि हा महिनोन्‌महिने दाखवत नाही.

चिवटपणाचा पुरावा म्हणून त्याचा इतिहास पुढे केला जातो. लिनियसने १७५८ साली नोंदवलेला हा मासा मूळचा दक्षिण चीन, तैवान आणि उत्तर व्हिएतनाममधला. तिथले संथ ओढे, तळी, पाट आणि भातखाचरे हे त्याचे घर. १८६९ मध्ये तो चीनहून पॅरिसला पोहोचला आणि पिएर कार्बोनिए या मत्स्यपालकाने तिथे त्याची पैदास केली. गोल्डफिशनंतर युरोपातल्या घरांत शिरलेल्या परदेशी शोभेच्या माशांत तो अगदी पहिल्यांपैकी. विजेचा हीटर आणि हवेचा पंप घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी तो तिथल्या थंड खोल्यांत टिकला, यात शंका नाही. पण त्याच प्रवासाची नोंद पूर्ण वाचली पाहिजे. चीनमधून निघाले तेव्हा मासे शंभर होते. जिवंत पोहोचले ते २२. आपण त्या २२ माशांवरून सगळ्या जातीची कीर्ती ठरवली आणि उरलेल्या ७८ माशांना हिशेबात धरलेच नाही. ‘आमचा मासा भांड्यातच तीन वर्षे जगला’ असे सांगणाऱ्यांचेही हेच होते. सहा महिन्यांत मेलेल्या माशाची गोष्ट कोणी सांगत नाही. त्याच्या जागी नवा मासा येतो.

आता श्वासाकडे येऊ, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत, एक घड्याघड्यांचा अवयव असतो. हाडाच्या पातळ पत्र्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेले अस्तर, अशी त्याची रचना. मासा पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि त्यातला प्राणवायू या अस्तरातून थेट रक्तात जातो. फायटर, गुरामी, आपल्याकडे पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरणारा ॲनाबस, हे सारे याच गोतातले. पाण्यातला प्राणवायू कमी पडला, तर या अवयवाचा उपयोग होतो. पण तो फक्त प्राणवायू आत घेण्याची सोय करतो. अमोनिया बाहेर टाकण्याची नाही. ते काम कल्ल्यांचेच, आणि कल्ले त्याच पाण्यात बुडालेले असतात. पाण्यात अमोनिया साठला की तो बाहेर पडायला अडतो, कल्ल्यांची नाजूक त्वचा भाजते, आणि वर येऊन कितीही हवा घेतली तरी त्यावर उतारा नाही. साध्या माशाला गढूळ, कोंदट पाण्यात धाप लागते आणि मालक सावध होतो. पॅराडाइज माशात ती धाप दिसत नाही. अमोनिया मात्र दोघांनाही सारखाच.

आपल्या पाण्याचा विचार केला तर हे आणखी गंभीर होते. अमोनियाचा विषारी अंश पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर ठरतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या पुढे जातो, आणि ३० अंशांना सात टक्क्यांच्या वर. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात बंद खोलीतल्या टाकीचे पाणी सहज तिशी ओलांडते. हा मासा मूळचा हिवाळा पाहिलेला. साधारण १६ ते २६ अंशांत तो सुखी असतो. म्हणजे आपल्याकडे त्याला हीटरची गरज नाही, पण उन्हाळ्यात सावलीची, पाणी थंड ठेवण्याची आणि अमोनिया विरळ करणाऱ्या मोठ्या पाण्याची गरज आहे. तीन-चार लिटरच्या भांड्यात यातले काहीच होऊ शकत नाही.

यावर एक आक्षेप मला खरोखर विचार करण्याजोगा वाटतो. निसर्गात हा मासा भातखाचरातल्या वीतभर पाण्यात राहतो. मग लहान भांडे त्याला परके कसे? खोली कमी, हे मान्य. पण एक एकर खाचरात १५ सेंटिमीटर पाणी असेल, तर ते सहा लाख लिटर होते. त्यात चिखल आहे, चिखलात जिवाणू आहेत, रोपे आहेत, पाऊस पाणी बदलतो, आणि दुसरा नर अंगावर आला तर पळून जायला चारी दिशा मोकळ्या आहेत. उथळपणा आणि अपुरेपणा यांत ही गफलत होते. या माशाला खोल टाकी नकोच. लांब-रुंद, झाडोऱ्याने भरलेली हवी.

पळायला जागा हा मुद्दा तर पाण्याच्या शुद्धतेइतकाच महत्त्वाचा. नर अतिशय भांडखोर असतात. एका घरगुती टाकीत एकच नर ठेवावा. विणीच्या काळात तो पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, त्याखाली मादीला वेढून उलटी करतो, तेलकट अंडी आपोआप वर तरंगतात आणि चुकलेली तो तोंडाने उचलून घरट्यात सोडतो. अंड्यांची राखण एकटा नरच करतो आणि त्या काळात मादी त्याला शत्रूसारखी वाटते. दाट वनस्पतींचा आडोसा नसेल तर तो तिला ठारही करू शकतो. ‘भांड्यातही घरटे बांधतो, म्हणजे तो सुखीच आहे’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. घरटे ही विणीची प्रेरणा आहे, समाधानाची पावती नव्हे. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठात विल्मोश चानी यांच्या गटाने याच माशावर दीर्घकाळ अभ्यास केला. अनोळखी जागा मिळाली की तो ती धुंडाळतो आणि शिकारी माशाशी झालेली गाठ लक्षात ठेवून पुढे वागणे बदलतो, हे त्यांनी दाखवले. अशा प्राण्याला चारी बाजूंनी उघडे, रिकामे भांडे देणे मला अन्यायाचेच वाटते.

शहरातल्या लहान घरांत मोठी टाकी कुठे ठेवायची, ही अडचण खरी आहे. पण मागणी फार मोठीही नाही. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. एका माशाला ती पुरते. जोडीसाठी ८० लिटरच्या आसपास जावे. स्पंज फिल्टर मंद चालवावा, कारण जोराच्या प्रवाहात घरटे मोडते. हायड्रिला, जावा मॉस आणि वर तरंगणारी पिस्टिया एवढ्यावर उत्तम आडोसा होतो. मासा उडी मारतो, म्हणून झाकण हवेच. मात्र झाकण आणि पाणी यांत चार-पाच सेंटिमीटर हवा राहू द्यावी. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढल्याशिवाय पाणी बदलू नये. गप्पी सोबत ठेवू नयेत, हा मासा त्यांच्या शेपट्या कुरतडतो आणि पिल्ले खातो. जोडीदार हवाच असेल तर चपळ, अंगाने भरलेला रोझी बार्ब बरा. आणि एवढ्या पाण्याची टाकी सांभाळणे भांड्यापेक्षा सोपे असते, कारण चूक पसरायला वेळ लागतो.

शेवटचा मुद्दा टाकीबाहेरचा. हा मासा डासांच्या अळ्या आवडीने खातो, चिवटही आहे. मग गप्पींसारखा विहिरीत, हौदात सोडला तर काय बिघडले, असे विचारले जाते. बाहेरून आणलेला चिवट मासा काय करतो, हे आपल्याला उजनी धरणातल्या चिलापीने, म्हणजे तिलापियाने, दाखवले आहे. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या या माशाने आपल्या जलाशयांत कसे पाय रोवले, ते मच्छीमारांना विचारावे. पॅराडाइज माशाचा एक लहान भाऊबंद, स्यूडोस्फ्रोमेनस क्युपॅनस, दक्षिण भारताच्या किनारी पाणथळ जागांत आणि भातखाचरांत स्वतःच्या हक्काने राहतो. पूर्वी शास्त्रज्ञ त्याला याच प्रजातीत (जीनसमध्ये) धरत. त्याच्या घरात हा परका धटिंगण नको. टाकी आवरायची वेळ आली तर मासा दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या शौकिनाच्या हवाली करा. ओढ्यात, नदीत, विहिरीत कुठेही सोडू नका.