दगडाचे नाव कळले, पुढे काय?

भूशास्त्र शिकून पुढे काय करायचे, असा प्रश्न वरच्या वर्गांतले विद्यार्थी नेहमी विचारतात. खनिजे शोधायची, तेल शोधायचे, एवढे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते. पण धरण, पूल, बोगदा किंवा उंच इमारत उभी करण्यापूर्वी तिच्याखालची जमीन कशी वागेल, हे कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणाऱ्या शास्त्राला अभियांत्रिकी भूशास्त्र म्हणतात. या क्षेत्रातला माणूस कधी बांधकामावर असतो, कधी प्रयोगशाळेत, तर कधी वर्गात. हे तीन वेगळे व्यवसाय आहेत असे आपण समजतो. ते तसे नाहीत, हे कार्ल टेरझागी यांच्या आयुष्याकडे पाहिले की कळते.

बांधकामावरचे धडे

टेरझागी यांचा जन्म 1883 साली प्राग येथे झाला. ऑस्ट्रियातील ग्राझ येथून 1904 साली त्यांनी यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली. मात्र त्यांची खरी ओढ भूशास्त्राकडे होती. सक्तीच्या लष्करी सेवेच्या वर्षात त्यांनी भूशास्त्राच्या एका इंग्रजी क्षेत्रपुस्तिकेचे जर्मनमध्ये भाषांतर केले. पुढे ते व्हिएन्नातील एका बांधकाम कंपनीत रुजू झाले. क्रोएशियातील चुनखडीच्या प्रदेशात जलविद्युत योजनेसाठी त्यांनी पाहणी केली, रशियातही बांधकामे सांभाळली.

या कामांत एक गोष्ट त्यांना खटकू लागली. पोलाद किती भार सोसेल, तुळई किती वाकेल, हे अभियंता कागदावर काढू शकत होता. पण ती तुळई ज्या खांबावर आणि तो खांब ज्या मातीवर उभा, त्या मातीचे काय होईल, हे मात्र अंदाजावरच चाले. इमारत खचली किंवा बांध वाहून गेला की जमिनीला दोष देऊन लोक मोकळे होत.

टेरझागी यांना वाटले की उपाय सोपा आहे. जेथे जेथे धरणे बांधली गेली, तेथील भूशास्त्रीय माहिती गोळा करायची आणि शेजारी त्या बांधकामाचे पुढे काय झाले ते लिहायचे. अशी पुरेशी उदाहरणे जमली की नियम आपोआप दिसतील. या हेतूने 1912 साली ते अमेरिकेला गेले. पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशात त्या वेळी मोठी धरणे बांधली जात होती. ती त्यांनी हिंडून पाहिली, भरपूर नोंदी केल्या आणि 1913 च्या अखेरीस ते निराश होऊन परतले. नोंदींतून नियम काही निघाला नव्हता.

असे का झाले? कारण नोंदींत होती ती नावे. 'वाळू', 'चिकणमाती', 'वालुकाश्म' ही नावे दगडमातीचा जन्म आणि घडण सांगतात, तिचे वागणे सांगत नाहीत. एकाच नावाच्या दोन मातींपैकी एक इमारत पेलते, दुसरी खचते. मग नावांची कितीही मोठी यादी केली तरी तिचा उपयोग काय?

जुन्यापान्या साहित्याची प्रयोगशाळा

याचे उत्तर सापडले ते एका शिक्षकाच्या खोलीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1916 साली, टेरझागी इस्तंबूलच्या अभियांत्रिकी विद्यालयात शिकवू लागले. युद्ध संपताच ती नोकरी गेली. मग तेथील रॉबर्ट कॉलेज या अमेरिकन महाविद्यालयात त्यांनी 1925 पर्यंत अध्यापन केले. संशोधनासाठी पैसे नव्हते, उपकरणे नव्हती. हाताशी आलेल्या जुन्यापान्या वस्तूंतून त्यांनी साधने जुळवली आणि मातीचे छोटे नमुने दाबून पाहायला सुरुवात केली.

तेथे त्यांना जे कळले ते आपण एका उदाहरणाने पाहू. पाण्याने पूर्ण भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे 2 टन धरू. मग 5 मीटर खोलीवर दर चौरस मीटरवर 10 टन भार येतो. पण हा सगळा भार मातीच्या कणांवर नसतो. कणांमधल्या पोकळीत पाणी असते. पाण्याची पातळी जमिनीपर्यंत असेल, तर 5 मीटरवर त्या पाण्याचा दाब चौरस मीटरला 5 टन असतो. म्हणजे कण एकमेकांवर दाबले जातात ते उरलेल्या 5 टनांनी. याला प्रभावी दाब म्हणू.

माती घसरू नये म्हणून जे घर्षण लागते, ते या प्रभावी दाबावर अवलंबून असते. समजा, काही कारणाने पाण्याचा दाब 5 वरून 7 टन झाला. वरचा भार तोच, मातीही तीच. पण कणांवर आता 3 टनच दाब उरला आणि त्या प्रमाणात घर्षणही घटले. मातीचे नाव बदलले नाही, तिची ताकद मात्र बदलली. अमेरिकेतल्या नोंदींत नेमकी हीच गोष्ट नव्हती.

दुसरा शोध इमारतींच्या सावकाश खचण्याबद्दलचा. ओल्या चिकणमातीवर भार ठेवला की तो आधी पाण्यावर येतो. पाणी अत्यंत बारीक छिद्रांतून हळूहळू निसटते, तसतसा भार कणांवर सरकतो आणि माती दबते. या दृढीकरणाचे गणित टेरझागी यांनी 1923 साली प्रसिद्ध केले. त्यातला एक निष्कर्ष असा, की लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रयोगशाळेतला 1 सेंटीमीटर जाडीचा नमुना 10 मिनिटांत दबला असे समजा. त्याच मातीचा 3 मीटर जाडीचा थर 300 पट जाड आहे, म्हणून त्याला 90,000 पट वेळ लागेल, म्हणजे सुमारे 625 दिवस. टेबलावरच्या टिचभर नमुन्यावरून इमारत किती वर्षे खचत राहील ते सांगता येऊ लागले.

हे सारे त्यांनी 1925 सालच्या जर्मन ग्रंथात मांडले. मृदा यांत्रिकी या शास्त्राची सुरुवात येथून मानली जाते.

वर्गातून पुन्हा बांधकामावर

1925 साली ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत गेले, 1929 साली व्हिएन्नात प्राध्यापक झाले आणि 1938 साली ऑस्ट्रिया सोडून हार्वर्ड विद्यापीठात आले. तेथे त्यांनी अभियांत्रिकी भूशास्त्र शिकवले. पण प्राध्यापक झाल्यावर बांधकामाचा चिखल त्यांनी बुटांवरून पुसून टाकला नाही. शिकागोच्या भुयारी रेल्वेसाठी मऊ चिकणमातीत बोगदे खणले जात होते. तेथे ते सल्लागार होते. रस्ता किती खचतो, माती किती सरकते, याची रोज मोजणी व्हावी असा त्यांचा आग्रह असे. जागेवरची प्रयोगशाळा राल्फ पेक हे तरुण अभियंते पाहत. पुढे 1948 साली दोघांनी मिळून जे पाठ्यपुस्तक लिहिले, ते जगभरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले.

खडकाच्या बाबतीतही त्यांनी नावापलीकडे पाहिले. बोगद्याच्या छतावर किती भार येईल, यासाठी 1946 साली त्यांनी खडकाचे वर्ग पाडले. ते ग्रॅनाइट किंवा बेसाल्ट असे नव्हते. अखंड खडक, थरांचा खडक, सांधे असलेला, पार चुरलेला, फुगणारा, असे ते वर्ग होते. खडक कोणता यापेक्षा तो किती तुटलेला आहे, हे बोगदा खणणाऱ्याच्या जिवाशी निगडित असते.

त्यांच्या पत्नी रूथ टेरझागी या स्वतः भूशास्त्रज्ञ होत्या. खडकातील सांधे मोजताना होणारी एक चूक त्यांनी 1965 साली दाखवून दिली. उभ्या ठेवलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यात वरून सुई घाला, ती एक-दोन पानांनाच लागेल. बाजूने घाला, सगळी पाने भेदेल. तसेच सरळ खाली घेतलेल्या बोअरला उभे सांधे फारच थोडे लागतात, म्हणून खडक आहे त्यापेक्षा अखंड वाटतो. ही चूक सुधारण्याची त्यांची रीत आजही वापरतात.

कार्ल टेरझागी 1963 साली वारले. कॅनडात ब्रिज नदीवर, गाळाच्या अत्यंत अवघड पायावर त्यांच्या सल्ल्याने उभारलेल्या धरणाला 1965 साली त्यांचे नाव देण्यात आले.

वर्गात करून पाहा

प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापा. तोंडाला कापड आणि बारीक खडे लावून ती उलटी धरा आणि तोंडाला रबरी नळी घट्ट बांधा. नळी पाण्याच्या तोटीला जोडा. बाटली घमेल्यात उभी करून धुतलेल्या वाळूने अर्धी भरा आणि वाळू भिजवून घ्या. वर एक जड लोखंडी बोल्ट ठेवा. तो वाळूवर ठाम उभा राहील. आता तोटी अगदी हळू उघडा. खालून येणाऱ्या पाण्याचा दाब पुरेसा वाढला की वाळू सैल होईल आणि बोल्ट आत बुडेल. तोटी बंद करताच वाळू पुन्हा घट्ट होईल आणि बोल्ट तिच्यात अडकून बसेल. वाळू बदलली का? नाही. मग काय बदलले, हे मुलांनाच सांगू द्या.

हा प्रयोग आम्ही मुद्दाम सुचवतो आहोत. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर दरड आली. दोन्ही वेळी आधी मुसळधार पाऊस झाला होता. उतारावरची माती वर्षानुवर्षे तीच असते. पाऊस मुरत जातो, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि ज्या घर्षणावर उतार तोलून धरलेला असतो तेच कमी होते. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे किंवा खांब कलणे, उतारावर एकाएकी गढूळ पाण्याचा झरा फुटणे, या खुणा डोंगराखालच्या गावातील मुलांना ओळखता आल्या पाहिजेत. त्या दिसल्या की घरी आणि ग्रामपंचायतीत सांगायचे आणि उताराखालून हलायचे, हेही कळले पाहिजे.

बांधकामावर पडलेला प्रश्न टेरझागी यांनी प्रयोगशाळेत नेला, तेथील उत्तर वर्गात शिकवले आणि ते पुन्हा बांधकामावर तपासून घेतले. या साखळीतली वर्गाची कडी आपल्या हातात आहे. दगडांच्या नमुन्यांच्या पेटीवरची नावे आपण मुलांकडून पाठ करून घेतोच. यापुढे प्रत्येक नावानंतर आणखी एक प्रश्न विचारू : पाणी मुरले, भार आला, तर हा कसा वागेल?