मतभेद आणि मर्यादा

परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात मी मुख्याध्यापक होतो, तेव्हाची ही गोष्ट. पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा दोनशेहून अधिक किलोमीटर वाहत येतो. त्याच्या शेवटच्या टोकाशी ज्यांची शेते आहेत, त्यांच्या बांधापर्यंत पाणी पोहोचता पोहोचता पुष्कळदा हंगाम निघून जातो. आमचे गाव अशांपैकीच एक. त्या वर्षी रब्बीची ज्वारी पोटऱ्यात आली आणि तशीच वाळू लागली. जो तो सरपंचांना बोल लावू लागला. एके दिवशी सकाळी मी शाळेत येऊन पाहतो, तो रस्त्याकडच्या भिंतीवर कोळशाने हातभर उंच अक्षरांत सरपंचांचे नाव आणि त्यापुढे ‘पाणीचोर’ हा शब्द लिहिलेला. शेजारी गाढवाचे चित्र काढलेले होते आणि त्याखाली सरपंचांच्या दिवंगत वडिलांविषयी एक ओळ होती. ती येथे लिहिण्याजोगी नाही.

सरपंचांची मुलगी आमच्याच शाळेत सातवीत होती. प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वीच ती ओले फडके घेऊन भिंत घाशीत उभी होती. ती रडत नव्हती. “राहू दे बाळ, शिपाई पुसेल,” असे मी म्हटले, तेव्हा मान वर न करता ती म्हणाली, “गुरुजी, आजी याच रस्त्यानं देवळात जाते.”

कोळशाचे लिखाण ओल्या फडक्याने पुसले की ते जात नाही, पसरते. पुढच्या दिवाळीत चुना लागेपर्यंत तो काळा डाग भिंतीवर तसाच राहिला.

मुलांनो, सरपंच हा गावाचा माणूस. त्याचे काम गावाच्या पैशाने आणि गावाच्या मताने चालते. म्हणून त्या कामाविषयी बोलण्याचा, त्याला जाब विचारण्याचा गावाला पूर्ण अधिकार आहे. आमदार, खासदार, मंत्री यांच्याविषयीही असेच म्हणता येईल. खेळाडू, नट, गायक, लेखक यांनाही आपण लोकांपुढे आलेली माणसे म्हणतो आणि त्यांच्या खेळाविषयी वा कलेविषयी मत देतो. ते योग्यच आहे. परंतु पाणी का आले नाही, या प्रश्नाशी सरपंचांच्या वडिलांचा काय संबंध? गाढवाच्या चित्राने कालव्याचे दार कितीसे उघडते? लोकांपुढे आलेल्या माणसाचे काम लोकांचे असते. त्याचे घर, त्याचे शरीर, त्याची जात, त्याचे मृत आप्त हे लोकांचे नसतात. ही रेषा ओळखणे कठीण नाही. रागाच्या भरात ती पाळणे मात्र कठीण आहे, आणि मोठमोठ्या माणसांनाही ते नेहमी साधलेले नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत चांगले आणि वाईट दोन्ही पाहिले आहे. गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक हे दोघेही १८५६ साली जन्मलेले, दोघेही पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. १८८१ साली ‘केसरी’ निघाला, तेव्हा त्याचे संपादक आगरकर होते. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील लेखनाबद्दल दोघांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस एकत्र काढले. इतके जिवलग मित्र. पण आधी समाजसुधारणा की आधी स्वराज्य, या प्रश्नावर त्यांचे मत जुळेना. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केला. मग दोन्ही पत्रांतून अशी काही वाग्युद्धे झाली की, वाचणाऱ्याने दोन्ही अंक शेजारी ठेवून वाचावेत. या दोघांची भाषा नेहमी सौम्य असे, असे मी म्हणणार नाही. टोचून बोलण्यात दोघेही कमी नव्हते.

तथापि पुण्यातील काही लोकांनी याच्याही पुढे मजल मारली. आगरकरांची मते त्यांना पटत नव्हती, म्हणून त्यांनी आगरकरांच्या पुतळ्याची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्याच घरावरून नेली. दम्याने जर्जर झालेल्या त्या माणसाने स्वतःचे प्रेत स्वतःच्या डोळ्यांनी जाताना पाहिले. विधवेचे केशवपन करावे की नाही, मुलींना शाळेत घालावे की नाही, या प्रश्नांचे उत्तर त्या यात्रेत कोणते होते? एकही नव्हते. ज्यांच्याजवळ उत्तर असते त्यांना तिरडी बांधण्याची गरज पडत नाही, असे मला वाटते. १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले. त्यांच्याशी सर्वांत कडाडून भांडलेल्या टिळकांनीच ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

गोपाळ कृष्ण गोखले यांची कथा याहून बोलकी आहे. गोखले टिळकांपेक्षा दहा वर्षांनी लहान. १८९७ साली ते इंग्लंडमध्ये असताना पुण्यात प्लेग पसरला होता आणि घरे तपासणाऱ्या सैनिकांच्या वर्तनाने लोक संतापले होते. पुण्याहून मित्रांची पत्रे गेली. त्यांवर विश्वास ठेवून गोखल्यांनी सैनिकांच्या अत्याचारांचा आरोप इंग्रजी वृत्तपत्रात जाहीरपणे केला. परत आल्यावर त्यांनी पुरावा मागितला, तेव्हा पुढे येऊन साक्ष देण्यास कोणी तयार होईना. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेतले पाहिजे, असे ठरवून गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि मित्रांची नावे मात्र सांगितली नाहीत. त्यावर त्यांना भित्रे, दुबळे म्हणून हिणवण्यात आले. गोखले पुण्यात राहिले आणि प्लेगच्या रोग्यांच्या कामाला लागले.

आता सुरतेचा प्रसंग पाहा. डिसेंबर १९०७. काँग्रेसचे अधिवेशन, आणि मवाळ व जहाल असे दोन तट. टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर गेले. अध्यक्षांनी त्यांना परवानगी दिली नाही, पण ते हाताची घडी घालून तेथेच उभे राहिले. गलका झाला. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, काही लोक टिळकांच्या अंगावर धावून गेले. त्या वेळी त्यांना वाचवण्यासाठी दोन्ही हात पसरून आडवे आले ते गोखले! नेव्हिन्सन नावाचे एक इंग्रज पत्रकार तेथे हजर होते आणि त्यांनी हे लिहून ठेवले आहे. गोखले मवाळांचे पुढारी. टिळकांचा मार्ग देशाला घातक आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते. तो वाद त्यांनी दुसऱ्या दिवशी सोडून दिला, असेही झाले नाही.

१९१५ साली काँग्रेसच्या दोन्ही पक्षांत समेट व्हावा अशी खटपट चालू होती, आणि तिच्यावरूनही दोघांत तीव्र वाद पेटला होता. त्याच धामधुमीत १९ फेब्रुवारीला गोखले वारले. त्यांना अवघी अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच ते पुण्यास आले आणि स्मशानात गेले. ते बोलण्यास उभे राहिले तेव्हा जमलेल्यांपैकी काहींनी सवयीने टाळ्या वाजवल्या. ही टाळ्यांची वेळ नाही, अश्रूंची आहे, असे सांगून टिळकांनी त्यांना थांबवले. मग चितेवरील त्या देहाकडे बोट दाखवून ते म्हणाले की, हा भारताचा हिरा, महाराष्ट्राचे रत्न आहे. याच्याकडे पाहा आणि याच्यासारखे होण्याचा प्रयत्न करा. टिळकांचे मत बदलले होते का? मुळीच नाही. गोखल्यांचा मार्ग त्यांना त्या दिवशीही मान्य नव्हता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ‘केसरी’त जे छापून येई त्याची जबाबदारी कोणाची, हे सरकारलाही ठाऊक होते आणि वाचकांनाही. त्या लेखनापायी टिळक १८८२, १८९७ आणि १९०८ असे तीन वेळा तुरुंगात गेले. आमच्या भिंतीवरील कोळशाच्या अक्षरांखाली मात्र कोणाचेच नाव नव्हते.

आज भिंतीची जागा मोबाइलने घेतली आहे. भिंत गावाच्या एका रस्त्यावर उभी असते, आणि जो त्या रस्त्याने जाईल तोच ती वाचतो. मोबाइलवर लिहिलेली ओळ मात्र एका घटकेत परभणीहून मुंबईला आणि मुंबईहून दुबईला जाते. ज्याने ती लिहिली त्याने पुसली, तरी ज्या शंभर जणांनी ती पुढे पाठवली त्यांच्याजवळ ती राहतेच. तसेच, समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नसल्यामुळे, समोरासमोर जे शब्द ओठांवर येणार नाहीत ते बोटांतून सहज उतरतात. पाठवणाऱ्याला वाटते, मी एकटाच तर बोललो. परंतु हजार जण ‘एकटेच’ बोलले म्हणजे ऐकणाऱ्यावर काय ओढवत असेल?

४ सप्टेंबर २०२२ रोजी दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान सामना चालू होता. अर्शदीप सिंग हा तेवीस वर्षांचा भारतीय गोलंदाज. अठराव्या षटकात त्याच्या हातून असिफ अलीचा एक सोपा झेल सुटला. शेवटच्या षटकात पाकिस्तानला सात धावा हव्या होत्या आणि चेंडू याच अर्शदीपच्या हाती होता. त्याने असिफ अलीला बाद केले, सामना पाचव्या चेंडूपर्यंत खेचला. पण भारत हरला. त्या रात्री समाजमाध्यमांतून त्याच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. झेल सुटला, असे म्हणणारे थोडे; त्याच्या धर्मावरून त्याच्या देशनिष्ठेवर शंका घेणारे बरेच. इंटरनेटवरील एका ज्ञानकोशात त्याच्या चरित्राच्या पानावर कोणीतरी खोटा मजकूरही घुसडला. झेल कोणाच्या हातून सुटत नाही? गल्लीत खेळताना तुमच्या हातून किती सुटतात, हे तुमचे तुम्हांस ठाऊक आहे. अनेक ज्येष्ठ खेळाडू अर्शदीपच्या पाठीशी उभे राहिले. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात त्याने सतरा बळी घेतले आणि भारताने तो चषक जिंकला. तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत त्या रात्रीचे शिव्या देणारेही असतीलच! अर्थात तो जिंकला नसता, तरी त्या शिव्या तितक्याच अनुचित ठरल्या असत्या.

येथे कोणी विचारील, ‘गुरुजी, मग आम्ही मोठ्या माणसांविषयी बोलूच नये काय?’ असा अर्थ काढणारे लोक आहेत, आणि तेही आपल्याच राज्यात होऊन गेले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाल्यावर मुंबई व आसपासचे व्यवहार बंद राहिले. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. तेथील एका तरुणीने, हा बंद कशासाठी, अशा अर्थाचा मजकूर फेसबुकवर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने तो आवडल्याची खूण केली. त्यात शिवी नव्हती. तरीही पोलिसांनी दोघींना अटक केली आणि जमावाने एका दवाखान्याची मोडतोड केली. पुढे तो खटला बंद झाला, संबंधित अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. ज्या कायद्याच्या कलमाखाली अशा अटका होत, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. दुःखाच्या वेळी बोलावे की थांबावे, यावर मतभेद होऊ शकतो. मी स्वतः कदाचित चार दिवस थांबलो असतो. परंतु साधा प्रश्न विचारणाऱ्याला कोठडीत टाकणे हा थोर पुरुषाचा आदर नव्हे. जो आदर धाकाने मिळवावा लागतो त्याला आदर म्हणत नाहीत.

आता भिंतीचे पुढे काय झाले ते सांगतो. लिहिणारी दोन मुले कोण, हे मला दुपारपर्यंत कळले. त्यांना छडी मारण्याचा तो काळ होता, आणि छडी माझ्या टेबलावरच होती. पण त्यांचीही ज्वारी वाळत होती, हे मला ठाऊक होते. मी त्यांना बसवून विचारले, “पाणी कोण सोडतं?” त्यांना ते ठाऊक नव्हते. सरपंच पाणी सोडीत नाहीत, पाटबंधारे खाते सोडते. आणि वरच्या गावांतले लोक इंजिने लावून ते वाटेतच उपसतात, हे त्यांनी त्याच संध्याकाळी घरी विचारून आणले. मग आम्ही अर्ज लिहिला. कालव्याला पाणी कोणत्या तारखेला सुटले, आमच्या चारीला किती दिवस आले, किती एकर ज्वारी वाळली, सारे त्यात होते. वरच्या गावांविषयी मुलांनी लिहिलेले दोन शब्द मी खोडले. बाकी अर्ज त्यांचाच. त्यावर गावच्या शंभरावर लोकांनी सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे दिले.

पहिली सही सरपंचांची होती. अर्ज घेऊन ते स्वतः परभणीला गेले, आणि त्या दोन मुलांना त्यांनी सोबत नेले. एस. टी.त तिघे एकाच बाकावर बसले होते. त्यांचे काय बोलणे झाले, ते मी कधी विचारले नाही. पाणी त्या वर्षी आले नाही. पुढच्या वर्षी दोन पाळ्या मिळाल्या.