शुभेच्छापत्रे, हस्तनिर्मित

सण, वाढदिवस, विवाह, परीक्षेतील यश अशा प्रसंगी आप्तेष्टांना पाठविण्यासाठी जाड कागद, शिक्के, छिद्रके (पंच) व शाई यांच्या साहाय्याने हातांनी तयार केलेली सचित्र पत्रे. त्यांना भेटकार्डे असेही म्हणतात. छापील शुभेच्छापत्रातील चित्र व मजकूर आधीच ठरलेले असतात आणि पाठविणाऱ्याचा वाटा निवड व स्वाक्षरी एवढाच उरतो. हस्तनिर्मित पत्रात कागदाची निवड, आकृती व मांडणी ही सर्व त्याची स्वतःची असतात. ही कला अल्प खर्चाची आहे. परंतु तिचे यश सजावटीच्या विपुलतेपेक्षा कागद, शाई व अवजार यांच्या गुणधर्मांच्या जाणिवेवर अवलंबून असते.

इतिहास : शुभेच्छापत्रांचा प्रसार स्वस्त टपालसेवेबरोबर झाला. ब्रिटनमध्ये १८४० साली एक पेनी दराची टपालसेवा सुरू झाली आणि १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे पत्र काढून घेतले. ते शिळामुद्रणाने छापलेले असले, तरी त्यातील रंग हातांनी भरलेले होते. अमेरिकेत मॅसॅचूसेट्समधील वुस्टर येथे एस्थर हाउलंड यांनी १८४० च्या दशकाच्या अखेरीस कागदी जाळी, रंगीत कागद व कातरलेली चित्रे यांची व्हॅलेंटाइन पत्रे तयार करण्यास प्रारंभ केला. मागणी वाढताच त्यांनी अनेक स्त्रियांना कामास लावले व प्रत्येकीकडे एकेक टप्पा सोपविला. हाताने केलेली वस्तूही अशा रीतीने विक्रीचा माल होऊ शकते, हे या उदाहरणावरून दिसते. चार्ल्स गुडइयर यांना रबराच्या व्हल्कनीकरणाचे अमेरिकन एकस्व १८४४ मध्ये मिळाले. टिकाऊ रबर उपलब्ध झाल्यावर रबरी शिक्के प्रचारात आले. ते प्रथम कचेऱ्यांतून व नंतर हौशी कलावंतांकडून वापरले जाऊ लागले.

जपानमध्ये नववर्षाची पत्रे पाठविण्याची प्रथा असून ती सजविण्यासाठी बटाट्यावर किंवा खोडरबरावर कोरलेले शिक्के घरोघर वापरण्यात आले. भारतात नंदलाल बोस यांनी स्वतः चित्रे काढलेली पोस्टकार्डे स्नेही व विद्यार्थी यांना पाठविली. महाराष्ट्रात दिवाळीची भेटकार्डे, तसेच मकरसंक्रांतीस तिळगुळाची चिमुकली पुडी लावलेली कार्डे टपालाने पाठविण्याची रीत विसाव्या शतकात रूढ होती.

कागद : पत्राच्या मूळ घडीसाठी दर चौ. मी. ला २०० ते ३०० ग्रॅम वजनाचा कागद सोयीचा असतो. १४८ × २१० मिमी. आकाराच्या कागदाची मध्ये घडी घातली असता १०५ × १४८ मिमी. चे पत्र होते व ते ११४ × १६२ मिमी. च्या पाकिटात नीट बसते. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदातील तंतू बहुतांशी एकाच दिशेने पसरलेले असतात. घडी या तंतुदिशेला समांतर घातल्यास ती सरळ व स्वच्छ पडते. आडवी घातल्यास कागदाचा पृष्ठभाग फुटून घडीवर पांढुरकी रेघ दिसते. तंतुदिशा ओळखण्यासाठी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहतात. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या वाकाची रेषा तंतूंना समांतर असते. घडी घालण्यापूर्वी पट्टीच्या आधाराने बोथट टोकाच्या अवजाराने खाच उमटवून घेतात.

हातकागदात तंतू निरनिराळ्या दिशांना विखुरलेले असल्याने त्याची घडी कोणत्याही बाजूने घालता येते. त्याची झालरदार कडा हाच एक अलंकार असतो. ती कातरीने कापू नये. मात्र पृष्ठभाग खडबडीत असल्याने नाजूक रेषांचा शिक्का त्यावर तुटक उमटतो व ठसठशीत आकृती अधिक शोभते. पुण्यातील हातकागद संस्था १९४० साली स्थापन झाली. कापडाच्या चिंध्यांतील सुती तंतूंपासून केलेला कागद लाकडाच्या कच्च्या लगद्याच्या कागदाप्रमाणे लवकर पिवळा पडत नाही. म्हणून जपून ठेवावयाच्या पत्रांसाठी तो उत्तम होय.

शिक्के व शाई : शिक्का हा उठाव मुद्रणाचा सर्वांत साधा प्रकार आहे. ज्या भागाला शाई नको, तो कोरून काढतात व उरलेला उंच भाग उमटतो. ठसा उलटा उमटत असल्याने अक्षरे कोरताना ती उलटी असावी लागतात. त्यासाठी पातळ कागदावर पेन्सिलीने आकृती काढून तो खोडरबरावर पालथा ठेवून घासतात, म्हणजे आकृती आपोआप उलटी उतरते. भेंडीचा आडवा काप किंवा अर्धा बटाटा यांपासून मुलांना बिनखर्ची शिक्के करता येतात. काप प्रथम फडक्याने कोरडा करावा लागतो, अन्यथा त्यातील पाण्याने रंग पसरतो. शिक्का शाईच्या गादीवर हलकेच टेकवावा व कागदावर सरळ दाबून सरळ उचलावा. तो डोलविल्यास कडा दुहेरी उमटतात.

रंजकद्रव्य विरघळलेली शाई कागदात मुरून चटकन वाळते, पण उजेडात फिकी पडू शकते. रंगकणयुक्त शाई पृष्ठभागावर राहते व सावकाश वाळते. तिचा रंग अधिक टिकतो. ती ओली असतानाच तिच्यावर राळेचे बारीक चूर्ण भुरभुरवून जादा चूर्ण झटकून टाकतात व उष्ण हवेच्या उपकरणाने तापवितात. चूर्ण वितळून आकृती उंच व तकतकीत होते. केस वाळविण्याचे यंत्र या कामी निरुपयोगी ठरते. त्याची उष्णता अपुरी पडते आणि झोताने चूर्ण उडते.

छिद्रके : छिद्रकात आकृतीच्या आकाराचा पोलादी ठोकळा व त्याच आकाराची पोकळी असते. दांडा दाबताच त्यांच्या कडा कात्रीप्रमाणे कागद कापतात. छिद्रक उलटे धरल्यास कागदाचा नेमका कोणता भाग कापला जाणार, हे दिसते. फार जाड कागद घातल्यास ठोकळा अडकतो. कापलेले फूल वा पान चिकटविता येते आणि मागे राहिलेले छिद्रही खिडकीसारखे वापरता येते. त्यामागे पातळ रंगीत कागद लावल्यास आकृती प्रकाशात खुलते.

जोडणी व टपाल : खळ किंवा पातळ डिंक यांतील पाण्याने तंतू फुगून कागद वाकतो. म्हणून मोठ्या पृष्ठभागासाठी दुहेरी चिकटपट्टी, तर लहान तुकड्यांसाठी दाट गोंदाचे ठिपके वापरतात. भारतीय टपालात पत्राच्या शुल्काचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे. दर चौ. मी. ला २५० ग्रॅम वजनाच्या कागदाचे उपरोक्त पत्र सु. ८ ग्रॅम व पाकीट सु. ४ ग्रॅम भरते. अर्थात सजावटीसाठी सु. ८ ग्रॅमच उरतात. मणी, जाड फिती व उंच आकृती टपालाच्या हाताळणीत दबतात किंवा पाकीट फाडतात. त्यामुळे सपाट सजावट टपालासाठी अधिक भरवशाची असते.

मूल्य : तयार कापलेल्या आकृत्या व छापील मजकूर असलेले संच बाजारात मिळतात. त्यांनी काम सोपे होते. तथापि केवळ संचातील तुकडे जोडल्यास निर्णय पुन्हा दुसऱ्याचाच राहतो. दूरध्वनी व संगणकीय संदेश यांमुळे शुभेच्छा क्षणात पोचू लागल्या आणि त्या पोचविण्यासाठी पत्राची निकड उरली नाही. त्यामुळेच हस्तनिर्मित पत्राचे प्रयोजन अधिक स्पष्ट झाले आहे. किंचित तिरपा उमटलेला शिक्का किंवा एखाद्या कोपऱ्यात कमी पडलेली शाई हे यंत्राच्या मोजमापाने दोष ठरतील. पण ज्याला ते पत्र मिळते त्याच्या दृष्टीने, कोणीतरी आपल्यासाठी वेळ वेचला, याची ती खूण असते. पत्रात कसब किती आहे यापेक्षा ते कोणासाठी केले आहे हे त्यावरून कळले, तर त्याचे कार्य साधले असे म्हणता येईल.