डिसेंबरातलं शांतिनिकेतन

डिसेंबरात विश्वभारती विद्यापीठाचं आवार बघायलाच हवं! १ आणि २ तारखेला कलाभवनात नंदन मेळा भरतो. चित्रकार नंदलाल बसूंची जयंती ३ डिसेंबरची, तिच्या तोंडावर. विद्यार्थी-शिक्षकांनी केलेली चित्रं, मातीची भांडी, दिनदर्शिका तिथे विकत मिळतात आणि पैसे जातात विद्यार्थी-कल्याण निधीत. रामकिंकर बैज यांचं 'संथाळ कुटुंब' हे शिल्प तिथेच आहे, १९३८ चं. जवळ जाऊन पाहा: सिमेंटात मिसळलेली लाल खडी, खरखरीत पोत, कावडीत बसलेलं पोर!

मग बंगाली पंचांगातल्या ७ पौषला 'छातीमतला' इथे, म्हणजे छातीमच्या झाडाखाली, पहाटेची उपासना. छातीम म्हणजे आपली सातवीण. दुसरा दिवसही महत्त्वाचा: ८ पौष, म्हणजे २३ डिसेंबर १९२१ रोजी विश्वभारती रीतसर सुरू झाली. २५ डिसेंबरला काचेच्या उपासनागृहात ख्रिस्तोत्सव. संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात ती रंगीत काच उजळते.