इंजिन बदललेल्या ट्रकला केवळ ‘पीयूसी’ पुरेसे नाही

हिंजवडी, प्रतिनिधी : हिंजवडी परिसरात खडी, सिमेंट वाहणाऱ्या एखाद्या जुन्या ट्रकचे इंजिन निकामी झाले, की दुसऱ्या बनावटीचे वापरलेले इंजिन बसविणे मालकाला स्वस्त वाटू शकते. मात्र, धूर तपासणीत उत्तीर्ण झाल्याने असा ट्रक कायदेशीर ठरत नाही.

डिझेल वाहनाच्या ‘पीयूसी’ चाचणीत वाहन उभे ठेवून ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबतात व धुराची घनता मोजतात. ‘बीएस ४’पूर्वीच्या वाहनांना ६५, तर ‘बीएस ४’ वाहनांना ५० हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे. नायट्रोजन ऑक्साइड या चाचणीत मोजले जात नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बसवायचे असल्यास आरटीओची मंजुरी घेऊन नवा इंजिन क्रमांक नोंदवावा लागतो. सीएनजीवर रूपांतर करायचे असल्यास पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या अधिकृत संस्थेने तपासलेले किट आवश्यक असते.

बेकायदा बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद केली. शिवाय, योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणावेळी इंजिन क्रमांक नोंदीशी जुळला नाही, तर ट्रक अडकून पडू शकतो. त्यामुळे गॅरेजआधी आरटीओ गाठणेच मालकाच्या हिताचे आहे.