तरुणांच्या मंडळींतील पहिला प्रश्न

रविवारची उपासना आटोपते, वडील माणसें अंगणांत बोलत उभीं राहतात, आणि उपासनामंदिराच्या मागच्या खोलींत दहा-बारा तरुण-तरुणी खुर्च्या वर्तुळाकार मांडून बसतात. त्यांत एकजण सदाचाच बोलका असतो. दोघी मैत्रिणी शेजारीं बसून आपसांत कुजबुजतात. कोपऱ्यांतील नवा मुलगा हातांतील पवित्र शास्त्राचीं पानें उगाच उलटीत राहतो. वर्ग चालविणारा विचारतो, “आज कोणाला कांहीं सांगावयाचें आहे काय?” आणि खोलींत शांतता पसरते. ही शांतता भक्तीची नव्हे, संकोचाची असते. ती वेळींच मोडली नाहीं तर पुढील तासभर एकटा चालक बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि कोपऱ्यांतील नवा मुलगा पुढच्या रविवारीं येत नाहीं. अशा वर्गाचें यशापयश पुष्कळदां त्या दिवशीं विचारलेल्या पहिल्या प्रश्नावर अवलंबून असतें. म्हणून तो प्रश्न कसा असावा, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

इंग्रजींत अशा प्रश्नांना ‘बर्फ फोडणारे’ असें नांव आहे. थंड मुलखांतील गोठलेल्या समुद्रांत पुढें जाणारें जहाज बर्फ फोडून मागून येणाऱ्या गलबतांना वाट करून देतें, त्यावरून ही उपमा निघाली. नागपूरच्या वैशाखांत ती परकी वाटते. परंतु वस्तु परकी नाहीं. आपल्याकडे ‘कोंडी फोडणें’ असा शब्दप्रयोग आहे, आणि कोंडी फोडण्याच्या युक्त्याहि आहेत. चार लोकांत पतीचें नांव घेण्यास लाजणाऱ्या नव्या नवरीस उखाणा घ्यावयास लावतात. ती अडखळत दोन ओळी म्हणते, सारे हंसतात, आणि त्या हंसण्यांत ती त्या घरची होऊन जाते. प्रवासांतील भेंड्या, उन्हाळ्याच्या रात्रीं गच्चीवर घातलेलीं कोडीं यांचेंहि काम तेंच. माणसाला बोलावयास लावावयाचें, पण त्याच्या अब्रूला धक्का लागूं द्यावयाचा नाहीं, हें त्यांतील मर्म आहे.

उत्तर नागपुरांतील जरीपटका या वस्तीचें उदाहरण घेतलें म्हणजे या प्रश्नाचें महत्त्व विशेष ध्यानांत येतें. वस्तीचें नांव मराठ्यांच्या भरजरी निशाणाचें. परंतु तिची भरभराट झाली ती 1947 च्या फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांमुळें. सभोंवार बौद्ध कुटुंबें मोठ्या संख्येनें राहतात. 14 ऑक्टोबर 1956 रोजीं डॉ. आंबेडकरांनीं धम्मदीक्षा घेतली ती याच शहरांत. ख्रिस्ती समाजहि येथें जुना आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी 1845 सालीं नागपुरांत आले, दुसऱ्या वर्षीं त्यांनीं शाळा काढली, आणि त्यांच्या नांवाचें महाविद्यालय 1883 मध्यें सुरू झालें. भारतांतील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांना एकत्र आणणाऱ्या राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचें मुख्य ठाणें नागपूरच आहे. जरीपटक्याला लागून असलेल्या मेकोसाबागेंत मेथॉडिस्ट मंडळी आहे. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांमुळें निरनिराळ्या प्रांतांचीं कुटुंबें या शहरांत स्थायिक झालीं. तेव्हां येथील तरुणांच्या एका वर्तुळांत एकाच्या घरीं मराठी, दुसऱ्याच्या घरीं हिंदी, तिसऱ्याच्या घरीं तेलुगू किंवा मल्याळी बोलली जात असली, तर त्यांत नवल कांहींच नाहीं.

अशा वर्तुळांत आपल्याकडील नेहमींचा पहिला प्रश्न कोणता? “आडनांव काय? मूळ गांव कोणतें?” विचारणाऱ्याच्या मनांत बहुधा वांकडें कांहीं नसतें, ओळख काढण्याची ती रूढ रीत आहे. परंतु आडनांवावरून जात ओळखण्याची संवय या देशांत इतकी मुरलेली आहे कीं, ज्याच्या घराण्यानें अस्पृश्यतेचा जाच सोसला त्याला तो प्रश्न सरळ ऐकूं येत नाहीं. शिवाय ही केवळ भावनेची बाब नाहीं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेविल्या. पुढें 1956 मध्यें शिखांना आणि 1990 मध्यें बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना मात्र मिळाल्या नाहींत. त्यामुळें पुष्कळ ख्रिस्ती तरुणांच्या बाबतींत जात हा कागदपत्रांचा आणि पोटाचा प्रश्न होऊन बसला आहे. ओळख करून घेण्यासाठीं विचारलेल्या पहिल्याच प्रश्नानें त्याला तेथें हात घालणें म्हणजे दार उघडण्याऐवजीं कडी घालण्यासारखें आहे. “गांव कोणतें?” हा प्रश्नहि जरीपटक्यांत जपून विचारावा लागतो, ज्या घरचें गांवच सरहद्दीपलीकडे राहिलें, त्या घरांत त्याचें उत्तर सोपें नसतें. वडिलांचा हुद्दा, परीक्षेंतील गुण, पगार, लग्नाचें वय हे प्रश्न याच जातीचे. त्यांनीं माणसाची पायरी ठरते, ओळख होत नाहीं.

मग उदाहरण कोणाचें घ्यावें? ख्रिस्ती तरुणांना तें दूर शोधावयास नको. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत प्रभु येशू दुपारच्या वेळीं थकून याकोबाच्या विहिरीपाशीं बसतो. पाणी भरावयास एक शोमरोनी स्त्री येते. यहुदी लोक शोमरोन्यांशीं व्यवहार ठेवीत नसत. तेथें येशू तिची जात विचारीत नाहीं, धर्म विचारीत नाहीं. तो तिच्यापाशीं प्यावयास पाणी मागतो. मागणारा खालीं येतो आणि देणारी वर जाते. पाणवठ्यावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या ज्या मुलखांत 1927 मध्यें महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, त्या मुलखांतील वाचकास या मागण्याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. पहिला प्रश्न असा असावा कीं, त्याचें उत्तर देतांना उत्तर देणाऱ्यापाशीं कांहीं देण्यासारखें आहे, असें त्याला वाटावें.

प्रश्नांचा क्रमहि त्याच शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायांत दिसतो. रात्रभर जाळें टाकून रिकाम्या हातानें परतणाऱ्या शिष्यांना किनाऱ्यावरून पहिला प्रश्न येतो तो खावयास कांहीं आहे काय, एवढाच. मग मासळी सांपडते, निखारे पेटतात, न्याहारी होते. आणि न्याहारीनंतर पेत्राला तो अवघड प्रश्न तीन वेळां विचारला जातो: माझ्यावर प्रीति करितोस काय? हा प्रश्न जर प्रथमच, ओल्या कपड्यांनीं थंडींत उभ्या असलेल्या पेत्राला विचारला असता, तर त्याची जीभ टाळ्याला चिकटली असती. “तुझा तारणाचा अनुभव सांग,” असें नव्या मुलाला पहिल्याच दिवशीं फर्माविणारे चालक न्याहारीआधीं तिसरा प्रश्न विचारतात.

पाश्चात्त्य देशांतील दोन गोष्टी येथें सांगण्यासारख्या आहेत. 1742 सालीं इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें जॉन वेस्लींच्या अनुयायांवर इमारतीचें कर्ज होतें. तें फेडण्यासाठीं सभासदांचे बारा-बारांचे गट करून प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करावी असें ठरलें. पैसे मागावयास घरोघर फिरणाऱ्या गटप्रमुखांना लोकांचीं सुखदुःखें कळूं लागलीं. पुढें घरोघर जाण्याऐवजीं सारा गट एकत्र जमूं लागला, आणि ‘आत्म्याची प्रकृति कशी आहे?’ ही विचारपूस तेथें दर आठवड्यास होऊं लागली. मेथॉडिस्ट पंथाची ही प्रसिद्ध वर्गपद्धति पेनीच्या साध्या निमित्तानें उभी राहिली. दुसरी गोष्ट अलीकडील आहे. 1997 मध्यें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन व त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्यांना 36 प्रश्न तीन संचांत दिले; प्रश्न हळूहळू अधिक खोल होत जाणारे, आणि दोघांनींहि उत्तर द्यावयाचें. सुमारें पाऊण तासांत अशा जोड्यांना नुसत्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षां अधिक जवळीक वाटूं लागली. पायरीपायरीनें उतरणें आणि दोन्हीं बाजूंनीं बोलणें, हीं त्यांतील दोन सूत्रें.

आतां प्रत्यक्ष प्रश्नांकडे वळावें. पहिल्या पायरीचे प्रश्न असे असावेत कीं, त्यांना चूक उत्तरच नाहीं. घरांतून निघून येथें येईपर्यंतच्या रस्त्यावर आवडती जागा कोणती? तर्री-पोहे अधिक तिखट कोठें मिळतात? उन्हाळ्यांत घर थंड ठेवण्याची तुमच्या घरची युक्ति कोणती? या शेवटच्या प्रश्नावर वाळ्याच्या पडद्यापासून ओल्या चादरीपर्यंत चर्चा रंगते आणि गरीब-श्रीमंत दोघांनाहि सांगण्यासारखें कांहीं असतें. दुसऱ्या पायरीवर आठवणी याव्यात. आजी किंवा आजोबांच्या तोंडची एखादी म्हण त्यांच्याच भाषेंत सांगा. उपासना-संगीतांतील कोणतें गीत तुम्हांला प्रथम पाठ झालें? नाताळच्या दिवसांत कोणत्या पदार्थाचा वास आला म्हणजे सण आला असें वाटतें? लहानशा घरगुती आठवणींतून केवढें सत्य उलगडतें, हें लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास ठाऊक आहे. तिसऱ्या पायरीचे प्रश्न ओळख झाल्यावर, दोन-तीन आठवड्यांनीं विचारावेत. या आठवड्यांत तुमच्यावर कोणी उपकार केला? कोणतें काम अजून तुम्हांला जमत नाहीं आणि कोणी शिकवावें असें वाटतें? कोणत्या गोष्टीची काळजी घेऊन तुम्ही आज येथें आलां?

कांहीं प्रश्न निरुपद्रवी दिसतात, पण तसे नसतात. ‘नाताळला वडिलांनीं काय दिलें?’ यापेक्षां वर दिलेला पदार्थाचा प्रश्न बरा. कारण वर्तुळांतील एखाद्याला वडील नसतील, किंवा असून द्यावयास कांहीं नसेल. ‘सुट्टींत कोठें गेलां?’ हा प्रश्न न गेलेल्यास गप्प बसवितो.

पहिल्या प्रश्नाचा त्या दिवसाच्या पाठाशीं धागा जुळला तर सोन्याहून पिंवळें. विहिरीवरील स्त्रीचा अध्याय वाचावयाचा असेल तर आधीं विचारावें: घरांत पाणी कोण भरतें, आणि तें किती वाजतां येतें? टँकरची वाट पाहणाऱ्या मुलीला ती शोमरोनी बाई मग परकी वाटत नाहीं. उधळ्या पुत्राचा दृष्टान्त असेल तर, घरापासून दूर असतांना कोणतें जेवण आठवतें, असें विचारावें. भाषा मात्र सोपी असावी. पंडिता रमाबाईंनीं केलेलें पवित्र शास्त्राचें भाषांतर 1924 मध्यें बाहेर पडलें. सामान्य स्त्रियांना समजावें म्हणून त्यांनीं मुद्दाम साधी मराठी वापरली, हें चालकांनीं विसरूं नये.

चालविण्याचे नियम थोडे आहेत. चालकानें प्रथम स्वतः उत्तर द्यावें, आणि तें एका मिनिटांत. त्याच्या उत्तराच्या लांबीवरून व खरेपणावरून बाकीचे आपलें माप ठरवितात. दहाजणांनीं प्रत्येकीं दोन मिनिटें घेतलीं तरी वीस मिनिटें जातात, म्हणून एका दिवशीं एकच प्रश्न पुरे. फार लाजाळू मंडळी असेल तर आधीं शेजाऱ्याशेजाऱ्यांनीं दोघांत बोलावें, मग सर्वांत. ‘आज मी ऐकतों’ असें म्हणण्याची मोकळीक प्रत्येकास असावी, आणि तसें म्हणणारास पुन्हां डिवचूं नये. कोणाच्या बोलण्याच्या ढंगाला कोणी हंसूं नये. नागपुरी हिंदी, वऱ्हाडी मराठी, तेलुगू वळणाची मराठी, सगळ्या तेथें एकाच पंक्तीला बसाव्या.

आणि एखादे वेळीं साध्या प्रश्नाला जड उत्तर येतें. नाताळच्या पदार्थाची आठवण सांगतां सांगतां एखादी मुलगी थांबते आणि म्हणते, “तो आईच करीत असे.” अशा वेळीं पाळी पुढें ढकलूं नये, उपदेश करूं नये, दुसऱ्या कोणाचें मोठें दुःख सांगून तिचें लहान करूं नये. क्षणभर थांबावें. ‘आणखी सांगावेंसें वाटतें का, कीं आपण येथें प्रार्थना करूं?’ एवढें विचारावें आणि ती म्हणेल तसें करावें. खोलींत बोललेलें खोलीबाहेर नेऊं नये. वर्ग सुटल्यावर तिच्याच बरोबरीच्या एकीनें तिच्यासोबत घरापर्यंत चालत जावें.

कोपऱ्यांतील नव्या मुलाचें काय होईल? कदाचित् पहिल्या दिवशीं तो पोह्यांच्या टपरीचें नांव तेवढें सांगेल. पण तें नांव ऐकून दुसरा कोणी म्हणेल, “अरे, मीहि तेथेंच खातों,” आणि पुढच्या रविवारीं ते दोघे एकत्र येतील. आडनांवें त्यांना यथावकाश कळतीलच. परंतु तोंवर तीं मित्रांचीं आडनांवें झालेलीं असतील.