एड्समधील खोकला आणि ‘व्हायरल’चा गैरसमज

शेंदूरजनाघाट-वरूडच्या संत्रापट्ट्यात हवा पालटली की घरोघरी खोकला सुरू होतो आणि त्याला सरसकट ‘व्हायरल’ म्हटले जाते. निरोगी माणसाच्या बाबतीत हा अंदाज बहुधा बरोबर ठरतो. परंतु एचआयव्हीबाधित व्यक्तीलाही तेच सांगून आठ दिवस वाट पाहायला लावणे जिवावर बेतू शकते, आणि तरीही हा सल्ला पुन्हा पुन्हा दिला जातो.

एचआयव्ही रक्तातील सीडी४ या संरक्षक पेशी नष्ट करतो आणि वायुकोशांतील, म्हणजे प्राणवायू जेथे रक्तात मिसळतो त्या सूक्ष्म पिशव्यांतील, भक्षक पेशींतही ठाण मांडतो. सीडी४ची संख्या २०० च्या खाली गेली की क्षयाचे जंतू आणि न्यूमोसिस्टिस ही बुरशी यांना फुप्फुस मोकळे सापडते. एड्सची पहिली अधिकृत नोंद मानल्या जाणाऱ्या ५ जून १९८१ च्या अमेरिकी अहवालातील पाचही तरुणांत सायटोमेगॅलो या विषाणूचा संसर्ग आढळला होता, पण त्यांचा न्यूमोनिया न्यूमोसिस्टिसचा होता. अशा रुग्णांच्या फुप्फुसात हा विषाणू वारंवार सापडतो. तो सापडला म्हणजे आजाराचे कारण तोच, असे ठरत नाही.

न्यूमोसिस्टिसचा खोकला कोरडा असतो, चालताना दम लागतो आणि सुरुवातीला एक्स-रे निर्दोषही दिसू शकतो, म्हणूनच तो साध्या सर्दी-खोकल्यात खपून जातो. वास्तविक सेप्ट्रान या नावाने परिचित असलेली जुनी, स्वस्त गोळी त्यावर उपचारही करते आणि वैद्यकीय सल्ल्याने आधीपासून घेतल्यास त्याला रोखतेही. क्षयाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका निःसंदिग्ध आहे: इतरांत दोन आठवड्यांचा खोकला क्षयाची शंका घेण्यास पुरेसा मानला जातो, तर एचआयव्हीबाधितांत एका दिवसाचाही.

इतर गैरसमजांना थोडक्यात उत्तर देता येते. खोकल्यातून एचआयव्ही पसरत नाही, क्षय मात्र पसरतो. नळीत फुंकून केलेली तपासणी चांगली आली, तरी वायुकोशांतून रक्तात प्राणवायू जाण्याची क्षमता घटलेली असू शकते. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्यांनी प्रतिकारशक्ती सावरते, पण क्षयाने पडलेले व्रण पुसले जात नाहीत. फ्लूची निष्क्रिय विषाणूंची लस एचआयव्हीबाधितांना निषिद्ध तर नाहीच, उलट शिफारशीची आहे. विडी-सिगारेट किरकोळ मानणाऱ्यांनी डेन्मार्कमधील २०१३ चा अभ्यास पाहावा. तेथे उपचार घेणाऱ्या एचआयव्हीबाधितांची धूम्रपानाने हिरावलेली आयुष्याची वर्षे एचआयव्हीने हिरावलेल्या वर्षांहून अधिक भरली.

सरकारी रुग्णालयांत क्षयाची तपासणी मोफत होते आणि २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. एचआयव्हीबाधित व्यक्तीने खोकला सुरू होताच डॉक्टरांना आपली स्थिती सांगावी आणि क्षयाची तपासणी मागून घ्यावी.